बाभळीचे काटे, पऱ्हाटीचे खुंट आणि पंक्चरचं लिक्विड: टाकावं की नाही?

शिवारफेरी
नमस्कार मंडळी. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी जी गावं आहेत तिथे गुरांच्या लसीकरणाच्या कामाला फिरतो. गाडी साधी १०० सीसीची, तारांच्या चाकांची, म्हणजे ट्यूबवाली. रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा पाणंदीचा. उन्हाळ्यात लोक बांधाला कुंपण घालायला बाभळीच्या फांद्या ओढत नेतात, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्या वाटेवर काटेच काटे.

पंक्चर झालं तर मला उशीर होतो, तेवढ्यावर भागत नाही. लाळ्या-खुरकूतची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. बाहेर ४४-४५ डिग्री असताना गाडी ढकलत नेली तर डब्यातला बर्फ किती वेळ टिकणार? तिकडे गावात लोक दावणीची जनावरं सोडायची थांबवून वाट बघत असतात.

एक दुकानदार म्हणतो टायरमध्ये पंक्चर आतून आपोआप बुजवणारं लिक्विड टाका, वर्षभर बघायला नको. दुसरा म्हणतो ट्यूबच्या गाडीत अजिबात टाकू नका, पैसे पाण्यात. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. ट्यूबमध्ये चालतं का? आपल्या उन्हात टिकतं का? की सरळ ट्यूबलेस करून घेऊ?

तापीकाठ
ट्यूबलेसमध्ये टाका, डोळे झाकून. माझ्या गाडीला दोन्ही चाकांत आहे. रावेर-सावदा-फैजपूर रोज जाणंयेणं. मागच्या टायरमधून सर्व्हिसिंगच्या वेळी खिळा निघाला तेव्हा कळलं की तो कधीचा आत बसलेला. हवा गेलीच नव्हती.

पुणेकर_मूळचा_धुळ्याचा
मी उलटं सांगतो. नका टाकू. हायवेला ८० च्या पुढे गेलं की पुढचं चाक थरथरतं. रात्रभर गाडी उभी राहिली की सगळा द्राव खाली जमतो, आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी उड्या मारल्यासारखी चालते. ट्यूबलेस असेल तर सोबत प्लगचं किट (भोकात रबराची वात खुपसून ते बंद करायचं) आणि छोटा पंप ठेवा. दहा मिनिटांत काम होतं.

तापीकाठ
@पुणेकर, किती टाकलं होतं? दुकानदार अख्खी बाटली ओततात. मोटरसायकलच्या मागच्या टायरला साधारण ३०० मिली आणि पुढच्याला २५० च्या आसपास पुरे. टायरच्या मापाप्रमाणे किती टाकायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचून मोजून टाकावं. जास्त झालं की थरथर आलीच. आणि चोपड्याच्या पाणंदीत ८० ने कोण चालवतंय भाऊ?

हवापाणी_भुसावळ
माझं पंक्चरचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिक्विड चांगलं की वाईट हे चाकावर ठरतं. ट्यूबलेस टायरचं रबर जाड असतं आणि आत हवा धरून ठेवणारा वेगळा थर असतो. खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून धरतं आणि बारीक फट उरते. लिक्विड त्या फटीत जातं, त्यातले धागे आणि रबराचा चुरा तिथे अडकतो, हवा थांबते. ट्यूब पातळ असते, फुग्यासारखी ताणलेली. बारीक काट्याचं भोक असेल तर लिक्विड बुजवतं, ते मी स्वतः बघितलंय. पण खिळा असेल तर चाक फिरताना तो आत हलतो आणि ट्यूब फाडत जातो. बोटभर चीर पडली की कुठलंही लिक्विड थांबवत नाही. कमी हवेत खड्ड्यात आदळून रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली, दोन भोकं शेजारी शेजारी पडली, तर तिथेही उपयोग नाही.

आता आमची अडचण. लिक्विड असलेली ट्यूब बाहेर काढली की हात, पाना, टब सगळं हिरवं चिकट होतं. त्याचं वाईट वाटत नाही, पण ओल्या चिकट ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही आणि पॅच दोन दिवसांत सुटतो. गिऱ्हाईक परत येऊन आम्हालाच बोलतं. म्हणून हात जोडून सांगणं आहे, चाक खोलायच्या आधी सांगा की आत लिक्विड आहे. आम्ही ट्यूब पाण्याने धुतो, फडक्याने कोरडी करतो, मग काणस मारून पॅच लावतो. दहा मिनिटं जास्त लागतात, पण काम पक्कं होतं.

शिवारफेरी भाऊंना अजून एक. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो. पंक्चरवाला ट्यूबला पॅच लावतो, आणि टायरमध्ये अडकलेलं काट्याचं टोक पुढच्या गावाला परत टोचतं. बाहेरून दिसत नाही, बोटाला लागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. मग पकडीने ओढून काढायचं. कापूस आपल्याकडे कमी आहे का!

कळणाभाकर
@हवापाणी, ही कापसाची युक्ती आमच्या पारोळ्याच्या पंक्चरवाल्या काकांना कोणीतरी सांगा हो. माझी स्कूटी एकाच जागी परत परत पंक्चर व्हायची, आणि ते दर वेळी म्हणायचे, "ताई, नवीन पंक्चर आहे."

सातपुडा_स्वार
कापसाचा बोळा लाख मोलाचा. तोरणमाळला जाणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो.

आता माझा अनुभव. शहाद्याहून तोरणमाळ, धडगाव, मोलगी हा पट्टा वर्षानुवर्षं फिरतोय. मोटरसायकलला ट्यूबलेसमध्ये लिक्विड आहे आणि त्याने काट्यांपासून, बैलांच्या नालेतून पडलेल्या खिळ्यांपासून नक्की वाचवलं. पण घाटात धारदार दगडाने टायरची बाजू कापली गेली, तिथे लिक्विड काहीही करू शकलं नाही. चाक फिरताना द्राव बाहेरच्या बाजूला, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर जातो. बाजूच्या भिंतीवर तो नसतोच. शिवाय ती भिंत दर फेऱ्याला वाकते, बुजलेलं पुन्हा उघडतं.

जीपवाले मातीत आणि दगडात टायरची हवा मुद्दाम कमी करतात, पकड चांगली येते. पण हवा कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते, आणि दगडाला आधी तीच लागते. त्यामुळे जीपमध्ये लिक्विड असलं तरी स्टेपनी घरी ठेवू नका.

पुणेकर_मूळचा_धुळ्याचा
स्टेपनीवरून आठवलं. २०२० साली केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी गाड्यांमध्ये ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. त्या किटमध्ये सीलंट, म्हणजे असंच भोक बुजवणारं लिक्विड असतं. म्हणजे सरकारनेही ते मान्य केलंय.

सातपुडा_स्वार
शहरात ठीक आहे. मोलगीच्या पुढे बाजू फाटली तर किटची बाटली हातात घेऊन बसावं लागेल. तिथे मोबाइलला रेंजही नसते.

पांढरं_सोनं
आमचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. ट्रॅक्टर. कपाशी वेचून झाली की पऱ्हाटी विळ्याने तिरकी कापतात. मागे जो खुंट उरतो तो वाळून भाल्यासारखा होतो. तुरीचा खुंट त्याहून वाईट. रोटाव्हेटर मागे असतो, खुंटावर आधी चढतं ते पुढचं छोटं चाक. दरवर्षी फरदड (वेचणीनंतरही राखलेली कपाशी) काढून शेत मोकळं करायच्या वेळी पुढची चाकं जातात.

गावात एकाने मागच्या मोठ्या टायरमध्ये लिक्विड टाकलं, भरपूर पैसे घालून. महिन्याभरात परत पंक्चर. कंपनीला शिव्या देत बसलाय. त्याचं काय चुकलं असेल?

गुरुजी_शहादा
@पांढरं_सोनं, दोन प्रश्न. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं होतं का? आणि लिक्विड टाकल्यावर ट्रॅक्टर रस्त्यावर चालवला का, की थेट शेतात नेला?

पांढरं_सोनं
पाणी होतं. चिखलणीला आणि नांगराला लागतंच. आणि सरळ शेतात.

गुरुजी_शहादा
मग दोन्ही कारणं सापडली. टायरमध्ये पाऊण भाग पाणी असेल तर लिक्विड त्यात पातळ होऊन जातं. भोक बुजवायला जो घट्टपणा लागतो तो राहत नाही. ते पैसे खरोखर पाण्यात गेले.

दुसरं थोडं गणिताने सांगतो, मी भौतिकशास्त्र शिकवतो. फिरत्या चाकात द्राव बाहेर फेकला जातो, तो जोर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून निघतो. मोटरसायकल ताशी ४० किलोमीटरने चालली तर वेग सेकंदाला ११ मीटर. टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरा. उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४० पट. इतक्या जोरात द्राव टायरच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखा पसरून चिकटतो.

आता ट्रॅक्टर. मागच्या चाकाची त्रिज्या ६५ सेंटीमीटर, शेतातला वेग ताशी ५ किलोमीटर. जोर येतो गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणजे द्राव वर चढून टिकतच नाही, तळाशीच लोळत राहतो. तोच ट्रॅक्टर रस्त्यावर २५ ने नेला तर जोर सातपटीच्या वर जातो. म्हणून लिक्विड भरल्याबरोबर ट्रॅक्टर सात-आठ किलोमीटर रस्त्यावर पळवायला हवा. आणि ट्रॅक्टरसाठी मोटरसायकलचं पातळ लिक्विड चालत नाही. शेतीच्या आणि खाणीच्या वाहनांसाठी जाड, जास्त धाग्यांचं वेगळं मिळतं, ते एकदा पसरलं की कमी वेगातही चिकटून राहतं.

पांढरं_सोनं
गुरुजी, हे आजवर एकाही विक्रेत्याने सांगितलं नाही. पुढच्या चाकांत पाणी नसतं, तिथे जाड लिक्विड टाकून बघतो. आणि यंदा पऱ्हाटी जमिनीलगत कापायला मजुरांना सांगणार, खुंट उंच ठेवायचाच नाही.

अहिरानी_बोल
मना बी हाऊच अनुभव शे भो. लिक्विड टाका नहीतर नका टाकू, पयले हवा दखा! आम्हना गावमा अर्धा लोके टायर दाबी दखतस आनि म्हनतस "बस झायी". काटा मंग दुसरं काय करी?

हवापाणी_भुसावळ
@अहिरानी_बोल, अगदी खरं शे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत कंपनीने सांगितल्यापेक्षा हवा कमी असते. हवा कमी असली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, काटे जास्त गोळा करतो आणि गरमही जास्त होतो. लिक्विड टाकलेले लोक तर हवा बघणंच सोडून देतात. बारीक भोकातून थोडी थोडी हवा गेलेली असते, ती भरायलाच हवी.

कळणाभाकर
उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. ते खरं का?

गुरुजी_शहादा
नाही. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने. भिंत सतत वाकून इतकी तापते की आतले थर सुटतात. सकाळी, गाडी चालवण्याआधी, सांगितलेला दाब भरा आणि दुपारी गरम टायरची हवा सोडू नका.

रसायन_रावेर
शिवारफेरी यांनी उन्हाचं विचारलं होतं, ते राहूनच गेलं. बाजारात मुख्य दोन जातींची लिक्विड आहेत आणि खान्देशात हा फरक फार महत्त्वाचा.

पहिली जात लॅटेक्सची. रबराच्या झाडाचा चीक, घट्ट होऊ नये म्हणून त्यात अमोनिया, शिवाय थोडं ग्लायकॉल आणि धागे. भोकातून बाहेर पडताना हा चीक साकळतो, पाणी उडतं आणि रबराची गाठ बनते. बुजवण्याचं काम उत्तम, म्हणून डोंगरातले सायकलस्वार हेच वापरतात. पण ते आतल्या आत सुकतही असतं. थंड हवेत सहा महिने टिकणारं आपल्या एप्रिल-मेमध्ये दोन-तीन महिन्यांत सुकतं. मग आत नुसता पापुद्रा आणि गोळे उरतात, त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी जात ग्लायकॉलची. हा द्राव १८०-१९० अंशांच्या वर उकळतो, त्यामुळे उन्हात सहजी उडत नाही. त्यात धागे आणि रबराचा चुरा असतो, तो भोकात जाऊन अडकतो. गाठ बनत नाही, नुसती बुजवण. मोठ्या भोकाला लॅटेक्सइतकं जमत नाही, पण वर्ष-दोन वर्षं ओलं राहतं आणि पाण्याने धुऊन निघतं. आपल्या हवेला, आपल्या काट्यांना हेच योग्य असं माझं स्पष्ट मत.

घेताना गंजरोधक घातलंय का ते बाटलीवर बघा. स्वस्त मालात नुसतं खारट पाणी आणि डिंक असला तर रिम आतून खाल्ली जाते.

आणि एक कळकळीची विनंती. जुनं लिक्विड गटारात, हौदाजवळ किंवा गोठ्याच्या बाजूला ओतू नका. काहींमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि विषारी. कुत्री चाटतात, वासरं पितात, मूत्रपिंडं निकामी होतात.

शिवारफेरी
@रसायन_रावेर, शेवटचा परिच्छेद मी गावोगावी सांगणार. गुरांना विषबाधा झाली की लोक चारा आणि फवारणी तपासतात, टायरच्या लिक्विडकडे कोणाचं लक्षच जात नाही. पंक्चरची दुकानं तर नेमकी बाजाराच्या हौदाशेजारी असतात.

हवापाणी_भुसावळ
आमच्याकडेही ते बाहेरच वाहून जातं. उद्यापासून वेगळ्या डब्यात काढून ठेवतो.

सातपुडा_स्वार
मूळ प्रश्नाकडे येऊया. तारांच्या चाकाला ट्यूबलेस करायचं का? तारांची भोकं टेपने किंवा सीलंटने बुजवून देणारे कारागीर आहेत, पण मी सांगणार नाही. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उंचवटा असतो, हवा गेली तरी टायरची कड त्याने जागेवर राहते. साध्या ट्यूबच्या रिमला तो नसतो. घाटाच्या वळणावर कड सुटली तर जिवावर बेतेल. त्याच गाडीच्या ट्यूबलेस मॉडेलची ऍलॉय चाकं बसत असतील तर ती आणि नवे टायर घ्या. खर्च आहे, पण तुमच्या कामाला वसूल होईल.

पुणेकर_मूळचा_धुळ्याचा
ऍलॉयला अनुमोदन. आणि इथे वाचल्यावर माझं मतही बदललं. पाणंदीच्या वाटेला, बेतात भरलेलं, ग्लायकॉलचं लिक्विड मीही टाकेन. हायवेला मात्र प्लगचं किटच. आणि लिक्विडने भोक बुजलं तरी खिळा सापडला की तो काढून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचा, दांडा भोकात बसणारा) लावून घ्यावा. लिक्विडला कायमची दुरुस्ती समजू नये.

तापीकाठ
बरोबर. बाटल्यांवर ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक लिहिलेलं असतं. बाभळीचा काटा त्याच्या निम्माही जाड नसतो. काट्यांसाठी हे लिक्विड म्हणजे हुकमी इलाज.

शिवारफेरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ऍलॉयसाठी दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. तोपर्यंत असं ठरवलंय: मागच्या चाकाला नवी जाड ट्यूब, टायर कापसाने तपासून, आणि ग्लायकॉलचं लिक्विड. दर सोमवारी सकाळी हवा. लसीच्या डब्यात बर्फाची एक जादा पिशवी. दुकानात ट्यूबमध्ये लिक्विड भरताना काय बघायचं तेवढं सांगा.

हवापाणी_भुसावळ
वॉल तळाशी ठेवू नका. घड्याळाच्या चार किंवा आठच्या जागी येईल असं चाक फिरवा. पिन काढा, सगळी हवा जाऊ द्या, बाटली हलवून हलवून भरा, कारण धागे तळाला बसलेले असतात. मग पिन लावण्याआधी थोडी हवा मारून वॉलची नळी मोकळी करा, नाहीतर पिन चिकटते आणि पुढे मीटर खोटा दाब दाखवतो. हवा भरून झाली की लगेच चार-पाच किलोमीटर चालवा. टायरच्या भिंतीवर खडूने तारीख लिहीत जा, खडू पुसला गेला तर गाडीच्या कागदांत चिठ्ठी ठेवा.

कळणाभाकर
माझ्या मुलीच्या सायकलला चालेल का हे? शाळेच्या वाटेवर सराटे इतके की मुलं सायकली उचलून नेतात. साधी २४ इंची सायकल आहे.

हवापाणी_भुसावळ
ताई, चालेल, सराट्यासाठी तर फारच चांगलं. एका चाकाला ७०-८० मिली पुरे. पण तिच्या सायकलला जुना वॉल असेल, आत रबराची बारीक वॉलट्यूब असते तो, तर लिक्विड त्या रबराला चिकटतं आणि पुढच्या वेळी हवा आत जात नाही. भरताना ती वॉलट्यूब बाहेर काढून ठेवा आणि नंतर नवी घाला. दोन-चार जादा दप्तराच्या खिशात राहू द्या. मोटरसायकलसारखा वॉल असेल तर काही अडचण नाही.

कळणाभाकर
जुनाच वॉल आहे. रविवारी आणते भुसावळला, दुकान उघडं असतं ना?

हवापाणी_भुसावळ
दुपारी एकपर्यंत. सायकलसोबत जुना टायरही आणा, कापूस फिरवून बघू.